हे आधीच झालंय म्हणे!

आणि वर तोंड करून म्हणतात काय, तर "वहिनी, हे आधीच झालंय!"

अहो, झालं असेल! मी कुठं नाही म्हणते? पण जगात आधी झालेलं नाही असं काय उरलंय, ते एकदा सांगा मला! चहा आधी झालेला नाही? रोज सकाळी डोळे उघडायच्या आत "वहिनी, चहाऽऽ" करता, तेव्हा नाही आठवत की हाच चहा कालही झाला होता, परवाही झाला होता, त्याच पातेल्यात, त्याच गाळणीतून... तेव्हा बरं मुकाट्यानं फुरके मारता! सगळं जुनं चालतं यांना, गोष्ट तेवढी कोरी करकरीत पाहिजे!

थांबा हं, मी मधूनच सुरू केलं. माझं असंच होतं. राग आला की मला सुरुवात सापडतच नाही. तर तुम्हाला सांगते, भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मोबाइलच्या दुकानात फुटलेल्या काचा बदलतात. आता काच बसवली की ती नीट बसली का हे बघायला म्हणे तिच्यावर पिक्चर लावून बघावा लागतो. थोडासा नाही, आख्खा! म्हणजे मोबाइल पडतो गिऱ्हाइकाचा, काच फुटते गिऱ्हाइकाची, आणि पिक्चर बघून होतो आमच्या भाऊजींचा. असं करून करून या माणसानं जगात जेवढं म्हणून बघण्यासारखं आहे तेवढं सगळं बघून संपवलंय. आता काही उरलेलं नाही. म्हणून मग जो कोणी तोंड उघडेल त्याला हे बोट वर करून सांगणार, हे आधीच झालंय!

बरं, माझी गोष्ट काय मी यांच्यासाठी सांगत होते? छापायला देणार होते? बक्षीस पाहिजे होतं मला? अहो, माझ्या पोरीच्या श्वासासाठी चाललं होतं ते!

माझी पोरगी, भिंगरी. शाळेच्या हजेरीत नाव वेगळं आहे, पण एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. पहिलीत आहे. आणि तिला ना... तिला दम लागतो. हवा गार झाली, शेजारी कुणी गादी झटकली, कुठं भिंतीला रंग लावला, की झालंच, छातीत मांजर बसल्यासारखी घुरघुर सुरू. जरा वाढलं की बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते, आणि ते एकदा ज्या आईनं बघितलं ना, तिला पुढं जन्मभर कुणी नुसतं शिंकलं तरी उठून बसावंसं वाटतं. मी तर रस्त्यात गाडीचा टायर फुसफुसला तरी मागं वळून बघते.

म्हणून डॉक्टरांनी मशीन दिलं. वाफेचं मशीन म्हणतो आम्ही. एक डबा असतो, त्याला नळी, नळीला मास्क, मास्कच्या खाली औषधाची वाटी. बटण दाबलं की घूंऽऽऽ करतं आणि औषधाची वाफ होऊन नाकातोंडात जाते. सकाळ-संध्याकाळ घ्यायची. डॉक्टर म्हणाले, "हे बघा, रडत घेतलं तर औषध गालाला लागतं, छातीत जात नाही. तिला शांत बसवायचं." शांत बसवायचं! भिंगरीला! अहो डॉक्टर, केसपेपरवर तुम्ही नाव लिहिलंत ते खोटं हो, खरं नाव विचारायचं होतंत!

पहिले काही दिवस तर विचारूच नका. सासूबाईंनी पाय धरायचे, आमच्या ह्यांनी हात धरायचे, मी मास्क धरायचा, आणि ती अशी किंचाळायची की समोरच्या दारातल्या बाई धावत आल्या, "काय झालं? काय कापताय?" आणि औषध? सगळं गालाला! गाल नुसते चकाचक, छाती तशीच घुरघुरतेय.

आणि मग एक दिवस, कसं सुचलं देव जाणे, मास्क तिच्या तोंडाजवळ नेला आणि माझ्याच तोंडातून निघून गेलं, "अगं, यान सुटलं! बाहेर हवा नाही! कॅप्टन, टोप घाला, टोप!"

ती रडायची थांबली. म्हणाली, "कोण कॅप्टन?"

झालं! तिथून आमचा पलंग झाला यान, मशीनची घूं झाली इंजिनाची, मास्क म्हणजे अंतराळातला टोप, आणि कोपऱ्यात मिश्री... नव्हे, दात घासत बसलेल्या सासूबाई म्हणजे चंद्रावरच्या चौकीदारीण! कॅप्टन भिंगरी रोज एका ग्रहावर जायची. बाहेर हवा नाही, त्यामुळं टोप काढायचा नाही, काढला की यान परत. कधी ग्रहावर सगळी माणसं उलटी चालायची, कधी सगळे ढग लोखंडाचे असायचे. वाटीतलं औषध संपत आलं की मशीन फुर्र फुर्र करतं, ते झालं की यान उतरायचं. औषध कधी संपलं ते पोरीला कळायचंसुद्धा नाही! आख्खा गारठा आम्ही असा काढला. छातीतलं मांजर उठून गेलं. मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

आता मला सांगा, हे मी कुठं बघितलं होतं? कुठंच नाही! मी सातवी शिकले. यान म्हणून जे काय बघितलं ते विज्ञानाच्या पुस्तकात, तेही अर्धं पान, आणि माझ्या आधी ते पुस्तक ज्याच्याकडं होतं त्यानं यानाला मिशा काढून ठेवल्या होत्या. म्हणजे मला किती तरी वर्षं वाटायचं की यानाला मिशा असतातच! आणि पुढचं सगळं मी कामावर बसवायची. मी कपडे धुण्याच्या कारखान्यात आहे, हॉटेलांच्या चादरी येतात आमच्याकडं. चादर मोठी, एकटीनं घडी होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची, चालत जवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, परत मागं जायचं. दिवसभर ये-जा, ये-जा. डोकं रिकामंच असतं. त्या रिकाम्या डोक्यात मी ग्रह बसवायची. संध्याकाळी घरी येऊन सोडायची.

तर असं सगळं सुखात चाललं होतं, आणि भाऊजींच्या मालकानं दुकानात नवी कपाटं बसवायला घेतली. दुकान बंद. भाऊजी घरी!

पलंगाच्या कडेला पाय पसरून बसले. आम्ही निघालेलो ग्रहाकडं. कॅप्टन टोप घालून तयार. मी म्हणतेय, "आणि मग त्या ग्रहावर उतरलो तर काय, तिथं सगळं आपल्यासारखंच! आपलंच घर, आपलीच आजी, आपलीच..."

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "हे सायफाय आहे."

म्हटलं, "काय?"

"सायफाय!"

मला वाटलं, दूध उतू गेलं! पळत ओट्याकडं गेले. खरंच! परत आले तर भाऊजी पोट धरून हसतायत. "अहो साय नाही, सायफाय! विज्ञानाच्या असल्या गोष्टींना सायफाय म्हणतात. आणि तुमची ही गोष्ट... हे आधीच झालंय."

असं म्हणाले आणि मला सांगायलाच लागले हो! कुठल्या पिक्चरमध्ये, कुठल्या मालिकेत, हीरो कोण होता, शेवटी काय होतं... म्हटलं अहो शेवट तरी सांगू नका, मला अजून बसवायचाय तो!

आणि इकडं घूं चालू आणि कॅप्टननं टोप हनुवटीखाली ओढलेला. डोळे हे एवढे मोठे. मला म्हणते, "आई, तू कॉपी केलीस?"

आता याच्यामागं एक प्रकरण आहे, ते सांगायलाच पाहिजे. तिच्या वर्गात एका पोरीनं दुसरीच्या पाटीवर... पाटी कुठली आता, वहीत बघून गणित उतरवलं, आणि बाईंनी तिला कोपऱ्यात उभं केलं. "दुसऱ्याचं बघून लिहिणं म्हणजे चोरी!" बाईंचं बरोबरच आहे, मी बाईंना काही म्हणत नाही. पण पोरीच्या डोक्यात ते असं बसलं, असं बसलं, की भाजीवालीनं दोन गाड्या मांडल्या तर ही म्हणते, "ह्या दुसऱ्या गाडीनं पहिलीची कॉपी केली."

तर मला म्हणते, "कॉपी केली की कोपऱ्यात उभं राहायचं."

आणि मी राहिले! अहो, करते काय? वाटीत औषध शिल्लक होतं! मी म्हटलं, उभी राहते बाई, पण तू टोप घाल. मी आपली कपाटाजवळच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडं करून उभी, मागं घूंऽऽ चाललेलं, भाऊजी हसतायत, सासूबाई विचारतायत, "अगं, पाल आहे का तिथं?"

आणि टोप तिनं घातलाच नाही. म्हणाली, "तुझी स्वतःची गोष्ट आण. चोरलेल्या यानात मी बसणार नाही."

चोरलेलं यान! माझं! मिशा असलेलं!

तिथून माझे जे हाल सुरू झाले, काय सांगू! दुसऱ्या दिवशी चादरी झटकता झटकता मी एक पक्की बसवली. एक घड्याळ असतं, ते उलटं फिरतं, आणि माणसं म्हातारपणाकडून लहानपणाकडं... "हे आधीच झालंय." बरं. मग एक माणूस असतो, तो कुणाला दिसतच नाही... "वहिनीऽऽ, हे तर कधीचंच झालंय!" बरं. म्हटलं आता असं काढते की याच्या बापजन्मात कुणी काढलं नसेल, बापजन्म म्हणजे माझेच सासरे, जाऊ दे. एक यंत्राची बाई असते. ती सकाळी उठते, घरातलं सगळं करते, मग कामावर जाते, तिथलं सगळं करते, घरी येते, पुन्हा सगळं करते, आणि एक दिवस ती थांबते आणि म्हणते, "मी आता नाही करणार!" भाऊजी म्हणाले, "हे आधीच झालंय. पुष्कळदा झालंय." अहो, ही तरी माझी होती ना! ही तर मी बघितलीसुद्धा नव्हती, ही मी जगत होते! माझं जगणंसुद्धा कुणी तरी आधीच उरकून ठेवलंय?

शेवटी चिडून म्हटलं, एक बटाट्यांचा ग्रह असतो! बटाटे माणसांना सोलतात! बोला! तर हे छताकडं बघतात, दाढी खाजवतात, आणि... "झालंय. कार्टूनमध्ये. फक्त तिथं मुळा होता."

मुळा होता म्हणे!

आमचे हे बघत होते सगळं. हे लिफ्ट दुरुस्त करतात. बोलायला फारसे नाहीत. पण पोरीसाठी जीव तुटतो, म्हणून एका संध्याकाळी म्हणाले, "सरक, मी सांगतो." बसले पलंगावर. घसा साफ केला. "एक लिफ्ट होती. ती बंद पडली. मग मला फोन आला. मग मी गेलो. मग ती चालू झाली."

भाऊजींचं तोंड उघडंच! पहिल्यांदा! सापडेचना त्यांना! जगातल्या कुठल्याच काचेवर ही गोष्ट लागलेली नव्हती!

भिंगरी म्हणाली, "मग?"

हे म्हणाले, "मग काही नाही. सही घेतली, आलो."

म्हणजे बघा, एकदम ओरिजनल गोष्ट ही अशी असते!

कामावर माझ्या घडीच्या जोडीदारणीला मी सगळं सांगितलं. मोठी तोंडाळ बाई. चादरीच्या पलीकडच्या टोकाहून ओरडली, "अगं, चादर हॉटेलची, डाग पाहुण्याचा, साबण मालकाचा! घडी तेवढी आपली. आजपर्यंत कुणी विचारलं का, घडी ओरिजनल आहे का म्हणून? माझी एक गोष्ट आहे, ती घेऊन जा, आणि छातीवर हात ठेवून सांग, माझीच आहे!" म्हटलं, तुला कुणी सांगितली? तर म्हणे, "माझ्या आजीनं." तिला? "तिनं सासूची ढापली असणार, आमच्यात सगळ्या सासूचंच ढापतात." म्हटलं, राहू दे बाई, तुझी गोष्ट घेतली तर मला चारी कोपरे पुरायचे नाहीत.

हसताय तुम्ही. हसा. मलाही आता हसू येतं. पण तेव्हा घरात काय चाललं होतं? सकाळी मास्क लावला की रडणं, संध्याकाळी लावला की रडणं, औषध गालाला. सासूबाई म्हणायच्या, "अगं, तिच्याशी वाद घालून तोंडाची वाफ कशाला दवडतेस? धर आणि दे." धरलं, दिलं, गालाला. आणि मी पोरगी झोपायला आडवी झाली की तिच्या पाठीला कान लावून बघायची. आधी काही नाही. मग एकदा बारीक शिट्टी. मग दुसऱ्या दिवशी जरा मोठी.

आणि मग ती सकाळ आली.

खालच्या मजल्यावर कुणी तरी भिंत घासायला काढली होती. धूळ वर आली. मी खिडक्या लावेपर्यंत मांजर येऊन छातीत बसलंसुद्धा! घुरघुर, घुरघुर, आणि बरगड्यांमधली ती कातडी... आत. आत. मी मशीन लावलं, वाटी भरली, घाईत अर्धं औषध हातावर. मास्क पुढं केला. आणि पोरगी, तेवढ्या श्वासातसुद्धा, एक एक शब्द तोडून मला विचारते, "ही... गोष्ट... तुझी... आहे?"

दारात भाऊजी उभे. हातात ब्रश. तोंड उघडलेलं.

तुम्हाला सांगते, माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "भाऊजी, तोंडातली वाफ तोंडात ठेवा!" त्यांनी ब्रश तोंडात घातला. आणि मी पोरीला समोर घेतलं. म्हटलं, "नाही. ही गोष्ट माझी नाही. यान पुस्तकातलं आहे, मशीन डॉक्टरांचं आहे, ग्रह कुणाचा आहे मला माहीत नाही, आणि बाकीचं सगळं इथून तिथून उचललंय. कळलं? आता तू ये. हे नाक कुणाचं?"

ती म्हणाली, "आजी...चं."

"हे कपाळ?"

"बाबांचं."

"आणि हा हट्ट?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. भाऊजींनी ब्रशसकट मान हलवली.

"म्हणजे तूही सगळी उसनीच की! नाक उसनं, कपाळ उसनं! आणि पोरी काय तुझ्याआधी झाल्या नव्हत्या? रोज होतात ढिगानं! उद्या आजी म्हणाली, माझं नाक परत दे, तर देशील? तुला कॉपी म्हणून कोपऱ्यात उभी करू?"

तिनं नाकावर हात ठेवला. घट्ट. जरा विचार केला. आणि त्याच हातानं मास्क ओढून घेतला आणि स्वतः लावला! स्वतः!

मी बटण दाबलं. घूंऽऽऽ. आणि आता गोष्ट पाहिजे! माझ्या डोक्यात काय? काही नाही! कोरं! मग जे हाताला लागलं ते घेतलं. सासूबाईंची वाफ घेतली. म्हटलं, "कॅप्टन, एक ग्रह आहे. तिथं हवाच नाही. तिथली माणसं बोलली की तोंडातून वाफ निघते, आणि त्या वाफेवरच सगळे जगतात. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी श्वास घ्यायचा. सगळं मजेत चाललं होतं. पण तिथं एक साहेब आला. त्याचे केस पुढून उभे आणि मागून बसलेले होते."

मास्कच्या आतून डोळे वळले. भाऊजींच्या केसांकडं.

"त्यानं कायदा केला. जे एकदा बोलून झालं ते पुन्हा बोलायचं नाही. एक बाई घरातून हाक मारायला आली, 'जेवायला या हो!' साहेब धावत आला, 'हे आधीच झालंय! काल म्हणाला होतात!' एकीनं बाळाला म्हटलं, 'माझं सोनं!' साहेब म्हणाला, 'हे आधीच झालंय! सगळ्याच म्हणतात!' मग लोक घाबरले. नवीन सुचेना, जुनं साहेब बोलू देईना. गप्प झाले सगळे. गाव गप्प. वाफ संपत आली. ज्याच्या त्याच्या छातीत मांजर!"

ती नाकानं घेतेय, तोंडानं सोडतेय. एका लयीत. मी बरगड्यांकडं बघत बोलतेय, तोंडाकडं लक्षच नाही माझं, बोलतेय नुसती.

"मग एक बाई होती, तिच्या पोरीला दम लागला. ती भर चौकात जाऊन उभी राहिली आणि जगातलं सगळ्यात जुनं वाक्य बोलली. 'एकदा काय झालं...' भसकन वाफ निघाली! साहेब आला धावत, 'हे आधीच झालंय! हे आधीच झालंय!' तर बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'साहेब, हेच तुम्ही कालही म्हणालात. आणि परवाही!'"

मास्कच्या आत फस्सकन हसू फुटलं. वाफ सगळी डोळ्यांवर आली. तरी टोप काढला नाही! आतूनच विचारते, "मग साहेबानं काय केलं?"

"काय करणार? कायदा म्हणजे कायदा! त्यानं स्वतःलाच पकडलं. स्वतःच्या कॉलरला धरून स्वतःला घेऊन गेला!"

फुर्र. फुर्र. वाटी संपली. मी पाठीला कान लावला. मांजर होतं अजून, पण आता लांब, जिन्याखाली गेल्यासारखं. दुपारपर्यंत तेही गेलं. मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडले हो, मशीनची नळी हातात धरून. सासूबाई म्हणाल्या, "आता काय झालं रडायला?" म्हटलं, काही नाही, रडायचं आधी राहून गेलं होतं.

आणि भाऊजी? तोंडात ब्रश वाळून गेला होता त्यांचा. म्हणाले, "वहिनी, हे मी... कुठं तरी..." मी म्हटलं, "कुठं?" छताकडं बघितलं, दाढी खाजवली. "आठवत नाही." मग जरा वेळानं हळूच, "त्या ग्रहावर पुढं काय झालं पण?"

म्हणजे बघा! आणि ते साय-बीय म्हणतात ना, मी त्यावर मागून फार विचार केला. म्हटलं, दूध गायीचं, आणलं दुधवाल्यानं, तापवलं मी. आता वर जी साय धरते ती कुणाची? गाय येते का विचारायला? दुधाशिवाय साय धरली असेल कुणी, तर आणा त्याला माझ्यासमोर, मी पाया पडते! आणि हवेचं तरी काय? आता तुम्ही आत घेतलीत ती हवा आधी कुणाच्या तरी छातीतून आलेलीच की! बघा बरं, ही आधीच घेऊन झालीय म्हणून नाक धरून बसून! मी सांगणार! चोरून सांगणार, उसनी सांगणार, ढापून सांगणार, चारी कोपऱ्यांत उभं केलं तरी भिंतीकडं तोंड करून सांगणार!

असं मी अगदी ठणकावून ठरवलं. आणि परवा दवाखान्यात गेलो तपासायला. भाऊजी आले होते सोबत, आता सुट्टी घेऊन येतात, पुढचं ऐकायला मिळतं म्हणून. बाहेर बाकावर पोरं बसलेली, एकाच्या तोंडाला मास्क, रडतंय. मी औषधाच्या खिडकीवरून परत येते तर काय, भिंगरी बाकावर उभी! हातवारे करून सांगतेय, "एक ग्रह असतो, तिथं वाफेवर माणसं जगतात..." साहेब तसाच, केस तसेच, चौक तसाच. फक्त चौकात जाऊन बोलणारी बाई गायब! तिच्या जागी कॅप्टन भिंगरी! आणि ते पोर रडायचं थांबून वाफ घेतंय.

आणि काय बोलत होती म्हणून सांगू! धाडधाड! एका दमात! मध्ये श्वास घ्यायला एकदासुद्धा थांबली नाही!

नर्सबाई म्हणाल्या, "अगं, केवढी छान गोष्ट! कुणी शिकवली?"

भिंगरी म्हणाली, "मी स्वतः केली. आईला मीच सांगते रोज."

माझा पाय तिथंच थांबला. नर्सबाई हसून म्हणाल्या, "डोकं आहे हो पोरीला! कुणावर गेलीय?"

मी तोंड उघडलं. पण मी बोलायच्या आधी भाऊजींनी केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काकावर!"

तेही गिळलं. घरी आले तर सासूबाई समोरच्या बाईंना सांगतायत, "आमच्याकडं एक ग्रहाची गोष्ट आहे, पूर्वीपासूनची." म्हटलं, घ्या! गोष्ट घ्या, नाव घ्या, सगळं घ्या. आणि मी आपली मोरीत बसून मास्क धुवायला घेतला. तो धुवावा लागतो हो रोज, वाटीसुद्धा, गरम पाण्यानं, नाहीतर चिकट होतो. इतके दिवस झाले, इतकी माणसं घरात, पण हे एवढं काम मात्र अजून कुणीसुद्धा कॉपी केलेलं नाही!